तळमजल्याचा वास

आमच्या दुकानात ‘छान’ म्हणायला बंदी आहे. आमचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या मोठ्या बहिणीचं. नवरा मागच्या खोलीत परफ्यूम बनवतो, वन्सं पुढे काउंटरवर बसून ते विकतात. मी नोकरी करते पाण्याच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे दुकानात जाते ती फक्त शनिवारी संध्याकाळी, तेही दाराजवळच्या स्टुलावर बसून ऐकायला. आमच्याकडे शहराच्या पाण्याचा वास माणसांच्या नाकाने तपासतात आणि त्या खोलीत बसणाऱ्यांनी अंगाला काही लावायचं नसतं. म्हणून मी तिथे काही हुंगत नाही आणि नवरासुद्धा आंघोळ करून, कपडे बदलूनच घरी येतो.

नवा परफ्यूम तयार झाला की तो आधी तीन माणसांच्या अंगावर जातो. शेजारचे टेलरमास्तर, समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि बसचे ड्रायव्हरदादा, ज्यांची शेवटची फेरी आमच्या कोपऱ्यावर संपते. गुरुवारी सकाळी वन्सं त्यांच्या मनगटावर फवारा मारतात. मग त्यांनी आपापली कामं करायची आणि शनिवारी चहाला येऊन कधी कसला वास आला ते सांगायचं. नियम दोन. ज्या फुलाला आपण कधी हात लावलेला नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ‘छान’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला इतके कप धुतले, की एकदा म्हणाल्या, “दात बघायचं सोडते आणि इथेच लागते कामाला.”

हे नियम वन्संचे. त्यांचं म्हणणं असं, की रंगाला नाव असतं, लाल किंवा निळा. वासाला नाव नसतं, मालक असतो. लिंबाचा वास, रॉकेलचा वास, ओल्या कुत्र्याचा वास. त्यामुळे माणूस खरोखर वास सांगायला लागला, की त्याला आपल्या घरातून, आपल्या कामातून काहीतरी उचलून आणावंच लागतं. ते त्याने आणलं की वन्संना गिऱ्हाइकाशी बोलायला शब्द मिळतात आणि नवऱ्याला आपलं कुठे चुकलं ते कळतं.

परफ्यूमच्या तीन थरांना दुकानात मजले म्हणतात. फवारल्याबरोबर येतो तो वरचा मजला. त्यातले रेणू हलके, लगेच उडून जातात. तासाभराने लागतो तो मधला. आणि संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत अंगाशी राहतो तो तळमजला.

मागचे दोन परफ्यूम चालले नव्हते. गावाबाहेरच्या साबणाच्या कारखान्यातून नवऱ्याला बोलावणं आलेलं होतं. फरशी पुसायच्या द्रवात लिंबाचा वास घालायचं काम. “या वेळी जमलं नाही तर जातो तिकडे,” तो म्हणायचा. तो गेला की मागची खोली बंद होणार आणि वन्सं दुसऱ्यांच्या बाटल्या विकत बसणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. वन्सं त्यावर इतकंच म्हणायच्या, “त्यांचा लिंबाचा वास लिंबाने घेतला तर अब्रूनुकसानीचा दावा लावेल.”

नव्या परफ्यूमचा पहिला शनिवार बरा सुरू झाला.

“आधी वरचा मजला,” वन्सं म्हणाल्या.

“संत्रं सोलताना डोळ्यात उडतं ना, ते,” ड्रायव्हरदादा म्हणाले. “पहिल्या फेरीपुरतं होतं. मग मधल्याच स्टॉपला उतरून गेलं, तिकीट न काढता.”

नवरा खूश झाला. त्याला हवं होतं तेच होतं.

“मधला?”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. “लवंग. पण आमच्या दवाखान्यातली नाही. लवंग जिभेखाली धरली की थोड्या वेळाने गोडसर बधिर वाटतं, ती. आणि मांजर.”

“मांजर?” नवरा ताठ बसला.

“हो. आजारी नाही, चांगलं खातंपितं मांजर.”

“अहो, ती एका विलायती फळाची कळी आहे! एवढी महाग असते ती...”

“तू कळी घातलीस, त्यांच्याकडे मांजर पोचलं,” वन्सं म्हणाल्या. “कमी कर. तळमजला सांगा आता.”

इथे गाडी अडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळमजला नव्हताच. जेवण झाल्यावर मनगट नाकाशी नेलं, तर नुसता हात होता. ड्रायव्हरदादांचंही तेच. “मला काहीच नाही आलं. पण आमची बायको काल म्हणते, हा वास कसला, कुणाकडे आंघोळ करून आलात? आज म्हणते, शर्ट धुतला तरी जाईना.”

“मग कुणाकडे गेला होतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बाई, मला डेपोत आंघोळीला पाणी मिळत नाही, दुसरीकडे कोण देतंय?”

टेलरमास्तर मात्र मान हलवत होते. “मला तर दुसरं काही आठवतच नाही. सुती कापडावर पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की जी वाफ येते ना, तसा वास. परवापासून पाठ सोडत नाही.”

नवऱ्याकडे उत्तर तयार होतं. मास्तर दिवसभर इस्त्रीपाशीच उभे असतात, त्यांना इस्त्रीचाच वास आला असणार. ड्रायव्हरदादांना आला नाही, कारण अंगावरच्या वासाची नाकाला सवय होते आणि नाक त्याची खबर देणं बंद करतं. दोन्ही गोष्टी एरवी खऱ्या आहेत. “पण तळ कमीच पडलाय,” तो म्हणाला. “मलासुद्धा लागत नाही. वाढवतो.”

“वाढवतोस?” वन्सं म्हणाल्या. “अरे नाकोबा, सकाळी मी शटर उघडते तेव्हा तो माझ्या आधी बाहेर पडतो.”

“ताई, बाबा काय म्हणायचे? ह्याला नाक दिलंय आणि हिला जीभ. तू जीभ सांभाळ.”

त्याने तळमजला दुप्पट केला.

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा टेलरमास्तर हँगरला लावलेला एक नवाकोरा कोट घेऊन दुकानात उभे होते. चेहरा असा, की कोट नव्हे, पंचनाम्याचा मुद्देमाल आणलाय.

“गिऱ्हाइकाने परत आणला.”

“उसवला?” वन्संनी विचारलं.

“उसवला असता तर परवडलं असतं. त्याच्या बायकोने घडी उलगडली, हुंगला आणि विचारलं, हा घालून कुठे गेला होतात? तो बिचारा म्हणतो, अगं, अजून घातलाच नाही. ती म्हणते, मग तर आणखीच वाईट. माझ्या हाताचा वास लागलाय त्याला, तुमच्या परफ्यूमचा. आता घर सांभाळू की दुकान?”

काउंटरपाशी एक बाई बाटल्या बघत होत्या. त्यांनी वळून विचारलं, “ह्या कोटाचा येतोय होय? मला वाटलं दुकानात कुणी चादरी धुवून वाळत घातल्यात.”

नवऱ्याने कोट घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. आधी बाही, मग कॉलर, मग अस्तर.

“लोकर आहे,” शेवटी तो म्हणाला. “खडू आहे. खिशापाशी थोडं मशीनचं तेल. बाकी काही नाही. मास्तर, तुम्ही धुतलात का हा?”

टेलरमास्तरांनी वन्संकडे पाहिलं. “अरे,” वन्सं हळूच म्हणाल्या, “मला इथून येतोय.”

त्याने पुन्हा एकदा हुंगलं. मग कोट नीट हँगरला लावला, खांद्यांवरून हात फिरवून सरळ केला आणि मागच्या खोलीत निघून गेला. डॉक्टरीणबाई आणि ड्रायव्हरदादा आले, त्यांना वन्संनी दारातूनच परत पाठवलं.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि एकेक डबा उघडून वास घेऊ लागला. मिरी. जायफळ. कॉफी, आणि तीही शिळी.

“सगळं तर ओळखतोयस,” मी म्हटलं.

“कुठल्या डब्यात काय आहे हे मला पाठ आहे. त्याला नाक लागत नाही.” त्याने झाकण लावलं. “गेलं माझं नाक. जो वास दुकानात आलेल्या बाईला येतो तो मला येत नाही, आणि तो मी स्वतः घातलाय. पुढच्या सोमवारी कारखान्याचा फोन यायचाय. हो म्हणतो. तिथे यंत्र वास मोजतं.”

मी समजूत घालायला गेले नाही. मला ते जमत नाही, आणि मी म्हटलं असतं तरी त्याला पटलं नसतं. वन्संनी रविवारी फोन केला आणि एकही टोमणा न मारता ठेवला, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

बुधवारी प्रयोगशाळेत साहेबांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस, त्यामुळे मुद्द्यावर यायला वेळ लागला.

“बाई, राग मानू नका. थोडे दिवस तुम्ही वासाच्या खोलीत बसू नका.”

“का?”

“तुमच्याबरोबर धुतलेली चादर आत येते. दोघांनी नळाच्या पाण्याला कपड्यांच्या साबणाचा वास लिहिला. आम्ही घाबरून आख्खी टाकी तपासली. मग तुम्ही रजेवर गेलात त्या दिवशी पाणी एकदम शुद्ध.”

मी बाही नाकाशी नेली. काही नव्हतं. पदर पाहिला. तिथेही काही नव्हतं.

टेबलाशी येऊन बसले आणि गोष्टी ओळीने लावून पाहिल्या. नवरा कपडे बदलून येतो, पण ते कपडे घरच्याच मशीनमध्ये माझ्या कपड्यांबरोबर धुतले जातात. म्हणजे परफ्यूमचा तळमजला माझ्या अंगावरही होता आणि मलाही येत नव्हता. म्हणजे त्याचं नाक गेलं असेल तर माझंही गेलं. पण त्याच सकाळी एका नमुन्यातला शेवाळाचा मातकट वास मी सगळ्यांच्या आधी पकडला होता. एका घरातली दोन नाकं एकाच महिन्यात जाऊन परत इतर सगळ्या बाबतीत शाबूत राहतील, हे काही मला पटेना. तेव्हा गेलं काहीच नसावं. आम्हा दोघांनाही ती एकच वस्तू मुळातच येत नसावी.

हे घरी जाऊन नुसतं सांगण्यात अर्थ नव्हता. मी वन्संना दुकानातल्या बाटल्या घेऊन बोलावलं.

पाण्याचा वास तपासायची आमची साधी पद्धत आहे. तीन पेले ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. अंदाजाने एखाद्या वेळी जमतं, पुन्हा पुन्हा जमत नाही. वन्संना मी स्वयंपाकघरात बसवलं आणि परफ्यूममधली एकेक वस्तू एका पेल्यात आणि दोन पेले नुसत्या स्पिरिटचे, असे ट्रे लावायला सांगितलं. मला ते दिसता कामा नयेत, नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून तो ओळखेल.

“मी काय नळाचं पाणी आहे?” नवरा म्हणाला.

“बस,” मी म्हटलं.

“बस रे, गढूळ,” आतून वन्सं म्हणाल्या. त्यांची जीभ परत आलेली ऐकून मला बरं वाटलं.

पहिला ट्रे आला. “मधला. संत्र्याची साल.” दुसरा. “डावीकडचा, लवंग.” तिसरा ट्रे अजून वन्संच्या हातातच होता तेव्हा म्हणाला, “तुझ्या अंगठ्याजवळचा. मांजर.” पेले बदलून, क्रम बदलून वन्संनी त्याला फसवायचा पुरेपूर प्रयत्न केला. तो एकदाही चुकला नाही. आपण चुकत नाही आहोत हे त्याच्या ध्यानात येत होतं आणि त्याचं त्यालाच आवडत नव्हतं. मोठ्या कष्टाने एक दुःख पत्करलेलं, ते हातचं चाललं होतं.

मग वन्सं मान एका बाजूला वळवून एक ट्रे घेऊन आल्या.

त्याने तिन्ही पेले हुंगले. परत हुंगले. “तिन्ही सारखे आहेत.”

“नीट बघ.”

“ताई, तिन्हीत नुसतं स्पिरिट आहे. फसवू नकोस.”

“फसवू? अरे, एकातून असा येतोय की मला ट्रे आणताना श्वास रोखावा लागला!”

मी पेले माझ्याकडे ओढले. पहिला, दुसरा, तिसरा. “मलाही तिन्ही सारखेच वाटतात,” मी म्हटलं.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. “तुलाही?”

“काय आहे हे, वन्सं?”

“ती पांढऱ्या खड्यांची बाटली. मस्क, म्हणजे कृत्रिम कस्तुरी.”

मग मी त्याला साहेबांची चादर सांगितली. काही माणसांच्या नाकात एखाद्या वासाची जागाच नसते. ह्या मस्कचा रेणू मोठा असतो आणि तो बऱ्याच लोकांना जन्मापासूनच येत नाही. बाकीचं नाक उत्तम असतं, त्यामुळे त्यांना कळतही नाही.

“हा मस्क तू आधी कधी वापरला होतास?”

“नाही. पुरवठादाराने नमुना पाठवला होता. पहिल्यांदाच.”

“मग हरवलं काय?”

तो विचारात पडला. “काहीच नाही,” म्हणाला. आणि मग हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी असा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “म्हणजे मला येत नाही म्हणून मी आणखी घालत गेलो. आणि त्या कोटवाल्याच्या घरी...”

“त्या बाईला मी स्वतः जाऊन भेटते,” वन्सं म्हणाल्या. “बाटली घेऊन. ती आता आपली गिऱ्हाईक आहे.”

हसणं ओसरलं तेव्हा तो पुन्हा गंभीर झाला. “पण जो मजला मला दिसत नाही तो बांधू कसा? माझ्याकडून होणार नाही ते. सोमवारी हो म्हणावंच लागेल.”

हा प्रश्न खरा होता.

शनिवारी मी प्रयोगशाळेतले पेले घेऊन दुकानात गेले. टेलरमास्तरांना मस्क लगेच सापडला. डॉक्टरीणबाई आणि ड्रायव्हरदादा यांना तिन्ही पेले रिकामे लागले. दादा बायकोला मुद्दाम घेऊन आले होते. तिने दारातूनच बोट दाखवलं, “हाच तो!” आणि दादांकडे वळून म्हणाली, “सुटलात.”

आमचा नाकोबा मागून आणखी दोन बाटल्या घेऊन आला. रात्रभर त्याने विचार केलेला दिसत होता. “हे दुसरे मस्क. ज्याला पहिला येत नाही त्याला यातला एखादा येईल. पहिला आणि तो, दोन्ही थोडे थोडे घातले तर तळमजला कुणालाच चुकणार नाही.” एक बाटली चालली. त्याला आला, मला आला, डॉक्टरीणबाईंना आला. त्या म्हणाल्या, “हातमोजे काढले की तळव्याला जी मऊ पावडर राहते, ती.” ड्रायव्हरदादा म्हणाले, पहाटे डेपोत धुतलेली बस, पहिला प्रवासी चढायच्या आधी. दादांच्या बायकोला दोन्ही येत होते.

“पण पहिला किती ठेवू?” नवरा म्हणाला. “दुसऱ्याचं मी बघेन. पहिला मला कुणीतरी सांगायला हवा, थेंबाथेंबाला.”

“मी सांगते की,” वन्सं म्हणाल्या.

“तू?”

“मला येतो ना. दे इकडे.” त्यांनी मनगटावर एक थेंब घेतला, थोडं थांबल्या, हुंगलं आणि म्हणाल्या, “छान आहे.”

“कप!” ड्रायव्हरदादा जवळजवळ ओरडलेच. डॉक्टरीणबाई उभं राहून टाळ्या वाजवायला लागल्या. वन्सं लालबुंद झाल्या, आणि मग पदर खोचून सगळ्यांचे कप धुवायला गेल्या. नळाच्या आवाजातून त्यांची बडबड ऐकू येत होती, की इतकी वर्षं दुसऱ्यांकडून वदवून घेणं सोपं होतं, स्वतः सांगणं किती अवघड ते आता कळलं.

सोमवारी मी कामावर गेले नाही. माझे सगळे कपडे वेगळ्या पाण्यात धुवून व्हायचे होते. दुपारी दुकानात गेले तर मागच्या खोलीत भावंडं समोरासमोर बसलेली, मध्ये ड्रॉपर. दोघांचेही आवाज चढलेले.

“‘मऊ’ म्हणजे काय? कापूस मऊ, लोणी मऊ, केळं मऊ.”

“केळं नाही.”

“मग काय?”

“सांगते ना! डोक्यावर बसू नकोस.”

तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याचे मॅनेजर होते. नवऱ्याने थोडं ऐकून घेतलं. “साहेब, एक सांगतो,” तो म्हणाला. “माझ्या नाकात एक जागा रिकामी आहे. एक मस्क मला येतच नाही.” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. “हो, तुमच्याकडे यंत्र आहे, तुमचं चालेल. पण माझं अडेल ना. मला जे येत नाही ते भांडून सांगणारं माणूस मला लागतं, आणि ते इथे आहे. नाही, पगाराचा प्रश्न नाही. हो. नमस्कार.”

फोन ठेवून त्याने बहिणीकडे पाहिलंही नाही. ड्रॉपर उचलला. “हं, बोल.”

वन्सं फोनकडे बघत होत्या. एक टोमणा त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला, तो त्यांनी गिळला. मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

“लहानपणी थंडीत आंघोळ करून तू माझ्या पांघरुणात घुसायचास,” त्या म्हणाल्या. “अंग नीट न पुसता. पाय बर्फासारखे असायचे, पण डोक्याचा वास ऊबदार यायचा. तसा आहे.”

त्याने ड्रॉपर बाटलीत बुडवला. मग म्हणाला, “म्हणजे आणखी एक थेंब घालू?”

“नको,” वन्सं म्हणाल्या. “पाय गारच राहू देत.”